वाचकांचे प्रश्न : काळी माती तिथली, काळी माती इथली

रशिया आणि त्याच्या शेजारच्या मुलखांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरीच पत्रे शेती आणि पाण्याविषयी होती, म्हणून तिथे जागा जास्त दिली आहे.

परभणीहून एक शेतकरी वाचक : रशिया आणि युक्रेनमध्ये आपल्यासारखीच काळी माती आहे असे वाचले. आमच्या वावराच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर येतो, तिथे मात्र तो कितीतरी पट सांगतात. रंग एक, मग फरक कशाचा?

दोन्ही मातींना काळेपण निरनिराळ्या वाटांनी आलेले आहे. तिकडच्या मातीचे नाव चेर्नोझ्योम. ‘चोर्नी’ म्हणजे काळा आणि ‘ज़ेमल्या’ म्हणजे जमीन. युक्रेन, दक्षिण रशिया आणि उत्तर कझाकस्तान या पट्ट्यात हजारो वर्षे झाडे नव्हती, गुडघ्याएवढे गवत होते. गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो. दरवर्षी मुळे मरतात आणि तिथेच राहतात. हिवाळ्यात चार-पाच महिने जमीन गोठते आणि उन्हाळ्याच्या शेवटी कोरडी पडते, त्यामुळे जिवाणूंना ती मुळे पुरती कुजवायला वेळच मिळत नाही. उरते ते ह्यूमस, म्हणजे अर्धवट कुजून राहिलेला काळा सेंद्रिय अंश. चांगल्या चेर्नोझ्योममध्ये ते ४ ते १० टक्के असते, काही ठिकाणी त्याहून जास्त, आणि हा काळा थर मीटरभर खोल जातो.

आपली माती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची झीज होऊन झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. या चिकणमातीच्या कणांशी थोडासाच सेंद्रिय अंश घट्ट बसला तरी सगळी माती काळी दिसते. आपल्याकडे जमीन बाराही महिने उबदार असते, म्हणून शेणखत टाकले तरी ते झपाट्याने जळून जाते. म्हणून रंगावरून कर्ब ठरवू नये. आपली माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चेर्नोझ्योम रवाळ असते, मुठीत दाबली तर दाण्यांसारखी सुटते. तिथे वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, धरायला आपल्याइतकी घाई करावी लागत नाही.

या मातीचा पद्धतशीर अभ्यास वसिली दोकुचायेव यांनी केला. मातीचा स्वतंत्र निसर्गघटक म्हणून विचार करणारे शास्त्र त्यांच्या १८८३च्या ग्रंथापासून उभे राहिले असे मानतात. १८९१ साली त्या सुपीक पट्ट्यातच अवर्षण पडून मोठा दुष्काळ झाला. पुढच्याच वर्षी दोकुचायेव व्होरोनेझजवळच्या ‘कामेन्नाया स्तेप’ भागात झाडांचे पट्टे लावायला लागले. हे पट्टे वारा अडवतात, पण त्यांचे मुख्य काम बर्फ शेतातच रोखून धरण्याचे. तिथे पेरणीची ओल बरीचशी त्या बर्फाचीच असते. २५-३० सेंटिमीटर दबलेला बर्फ वितळला की साधारण ६०-७० मिलिमीटर पाण्याची भर पडते. मात्र जमीन शरदात ओली असतानाच गोठली, तर वसंतात वरचे पाणी खाली मुरत नाही, ते ओघळून जाते आणि सुपीक थर सोबत नेते.

आणखी एक गोष्ट परभणीच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. १९५४ पासून सोव्हिएत सरकारने उत्तर कझाकस्तान आणि पश्चिम सायबेरियातली सुमारे ४ कोटी हेक्टर पडीक गवताळ जमीन गव्हासाठी मोडली. माती उलथवणारा पलटी नांगर वापरला गेला. पहिल्या काही वर्षांत पीक चांगले आले. पुढे कोरड्या वसंतात उघडी पडलेली भुसभुशीत माती वाऱ्याने उचलली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धुळीची वादळे उठली. आजच्या अस्तानाजवळच्या शोर्तांदी इथल्या संस्थेत अलेक्सांद्र बारायेव यांनी यावर जे अवजार रुजवले, ते आपल्याकडच्या वखराचे मोठे भावंड म्हणावे असे आहे. त्याची आडवी पास जमिनीखालून जाते, तण कापते, माती उलथत नाही आणि धसकटे वर उभीच ठेवते. त्या धसकटांत बर्फ अडकतो. आपण वखराची पाळी देतो ती तण मारण्यासाठी आणि भेगा बुजवून ओल राखण्यासाठी. हेतू थोडा वेगळा असला तरी तत्त्व तेच आहे. या पद्धतीत तण वाढण्याचा धोका असतो. नुसता नांगर बंद करून पाळ्या चुकवल्या तर तिथेही रान माजते.

नांदेडहून बांधकाम क्षेत्रातले वाचक : सायबेरियात जमीन कायम गोठलेली असते म्हणतात. म्हणजे ती दगडासारखी टणक. तरी तिथल्या इमारती खांबांवर अधांतरी का बांधतात?

गोठलेली आहे तोवर ती दगडासारखीच असते. घर तापवले की खालची जमीन वितळते आणि चिखल होतो, अडचण तिथे येते. सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीला चिरगोठित जमीन म्हणतात. रशियाचा ६० टक्क्यांहून अधिक भाग अशा जमिनीवर आहे. याकुत्स्कमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३७-३८ अंशांच्या आसपास असते, तर जुलैचे अधिक १९-२०. उन्हाळ्यात वरचा दीड-दोन मीटरचा थर वितळतो, त्याखाली मात्र गोठलेलेच. शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने तिथे विहीर खणायला १८२८ साली सुरुवात केली. १८३७ पर्यंत ११६ मीटर खणूनही गोठलेली मातीच लागत राहिली आणि पाणी काही आले नाही. विहीर फसली, पण जमिनीचे तापमान खोलवर मोजायला शास्त्रज्ञांना ती फार कामाची ठरली.

इमारत अशी उभारतात : वरचा वितळणारा थर ओलांडून खाली जाईल एवढे, म्हणजे दहा मीटर किंवा त्याहून खोल, भोक पाडायचे. त्यात खांबापेक्षा थोडी जास्त जागा ठेवायची, पातळ चिखल ओतायचा आणि सिमेंटचा तयार खांब सोडायचा. भोवतालच्या थंडीने चिखल गोठतो आणि खांब पकडून धरतो. तो पुरता गोठेपर्यंत खांबावर भार टाकायचा नाही. मग जमीन आणि तळमजला यांच्यात मीटर-दीड मीटर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे हिवाळी वारा खालून वाहतो आणि जमीन पुन्हा थंड होते. ही मोकळी जागा गोदाम करून कुणी बंद केली, किंवा गरम पाण्याचा वा सांडपाण्याचा पाइप तिथे गळत राहिला, की खांबाची पकड सुटते, एक कोपरा खचतो आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून पाइपसुद्धा जमिनीवरून, वेष्टन घालून नेतात. रस्ता आला की तो कमानीसारखा वर उचललेला दिसतो.

नांदेडच्या काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो किंवा खाली फुगीर टोक असलेले पाइल घालतात, त्याचे कारण याच्या शेजारचेच आहे. वरचा थर हलतो, म्हणून भार न हलणाऱ्या थरावर टेकवायचा. आपली जमीन पाण्याने हलते, तिथली उष्णतेने. हवा तापू लागल्याने तिथले जुने खांब आता आधीसारखे भरवशाचे राहिलेले नाहीत.

लातूरहून एक आई : लेक सप्टेंबरात कझानला डॉक्टरकीसाठी चालली आहे, पुतण्या बिश्केकला आहे. इथून कपडे काय द्यावेत? थंडीत काय जपावे?

ताई, आधी दोन शहरांतला फरक ध्यानात घ्या. व्होल्गाकाठच्या कझानला जानेवारीची सरासरी उणे १० अंशांच्या आसपास असते, कधी ती उणे ३० पर्यंतही जाते. किर्गिझस्तानातले बिश्केक बरेच दक्षिणेला आहे आणि तिथे सरासरी शून्याच्या थोडीच खाली राहते. पुतण्याचे जॅकेट पाहून लेकीसाठी खरेदी करू नका.

जाड स्वेटर आणि जड कोट इथून घेऊन बॅगेचे वजन वाढवू नये. इथे मिळणारे गरम कपडे आपल्या थंडीच्या मापाचे असतात. इथून अंगाला लागून घालायचे थर द्या, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, तीन जोड. सुती बनियन त्या जागी चालत नाही. घाम आला की सूत ओले राहते आणि ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. मधला थर लोकरीचा किंवा फ्लीसचा. सर्वांत वरचा वारा अडवणारा कोट आणि बूट तिथेच ऑक्टोबरात घ्यावेत. बूट एक माप मोठे, म्हणजे जाड मोजा घालूनही बोटे हलली पाहिजेत. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गारठतात. तळ खोल खाचांचा, थंडीत कडक न होणारा. हातमोजे बोटांचे घेण्यापेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे घ्या, ते जास्त उबदार असतात.

वसतिगृहात आणि वर्गात मात्र वीस अंशांच्या वर तापमान असते. म्हणून एकच जाड कपडा गैरसोयीचा, काढता-घालता येतील असे थर हवेत. ही ऊब शहराच्या सामाईक यंत्रणेतून येते. सलग पाच दिवस दिवसाचे सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली राहिले की ती सुरू करतात. सप्टेंबरअखेरीस, ती सुरू होण्याआधीचे दिवस खोलीत सगळ्यात गारठ्याचे जातात. त्या दिवसांसाठी एक चांगले पांघरूण आणि घरात घालायचे लोकरी मोजे जरूर द्या. हीटर सुरू झाला की हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येते आणि टाचा फुटतात. ओला टॉवेल हीटरच्या पाइपवर वाळत घालणे हा साधा उपाय. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजते, खिडकीजवळ ठेवले तर बाटलीतून निघणार नाही. रुंद तोंडाच्या डबीत द्या.

बाहेर धोका उणे तापमानापेक्षा घसरण्याचा जास्त. पाऊल लहान टाकायचे, हात खिशात ठेवायचे नाहीत. मार्चमध्ये छपरांच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे खाली पडतात, तेव्हा भिंतीला लागून चालू नये. मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा, नाहीतर बॅटरी अर्धी असतानाच बंद पडते. नाक, कान किंवा बोट पांढरे, मेणासारखे आणि बधिर झाले तर तो हिमदंश. त्यावर बर्फ चोळायचा नाही. हीटरवरही धरायचे नाही, बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. घरात येऊन ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात ठेवायचे. बधिरपणा गेला नाही किंवा फोड आले तर डॉक्टरकडे. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. कातडीकडे रक्त धावते, ऊब वाटते आणि शरीर आतून आणखी थंड पडते.

डिसेंबरात कझानला उजेड जेमतेम सात तास असतो. लातूरला तेव्हाही अकरा तास दिवस असतो. पहिल्या हिवाळ्यात मुलींना उदास वाटते, झोप बिघडते. त्यात उजेडाचा वाटा मोठा असतो. दुपारी अर्धा तास तरी बाहेर फिरायला सांगा, आणि फोनवर तिचा आवाज मंद वाटला तर ती अभ्यासात कमी पडते आहे असे लगेच समजू नका. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून सगळीकडे रबरबाट होतो, त्या काळाला रशियन लोक रस्पुतित्सा म्हणतात. तेव्हा पाणी न शिरणारे दुसरे बूट लागतात.

माजलगावहून : कापसामुळे अराल समुद्र आटला, तर आपण कापूस घेतो त्याचे काय?

पीक तेच असले तरी पाण्याचा हिशोब वेगळा. आपली सरकी बहुतांश कोरडवाहू, पावसावर येते. अरालच्या दक्षिणेला वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तिथे पिकाचे सगळे पाणी कालव्याचे. अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला. त्याने वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला भाव आला आणि मॉस्कोच्या गिरण्यांची नजर मध्य आशियाकडे वळली. सोव्हिएत काळात या लागवडीचा विस्तार फार मोठा झाला.

अराल म्हणजे बाहेर वाट नसलेले सरोवर. आमू दर्या आणि सीर दर्या पाणी आणत आणि ऊन ते उडवून नेई. दोन्ही बाजू जुळल्या होत्या तोवर पातळी टिकली. त्या काळी या नद्या वर्षाला सुमारे ५५ अब्ज घनमीटर पाणी टाकत, म्हणजे जवळपास १,९०० टीएमसी. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी धरली, तर वर्षाला एकोणीस नाथसागर. १९६० नंतर हे पाणी शेताकडे वळत गेले आणि १९८०च्या दशकात काही वर्षे समुद्रापर्यंत जवळजवळ काहीच पोचले नाही. ६८,००० चौरस किलोमीटरचे सरोवर तुकड्यांत विभागले. उरलेल्या पाण्यातले मीठ लिटरला १० ग्रॅमवरून दक्षिण भागात शंभराच्या वर गेले आणि मासे संपले. उघड्या तळाची खारी धूळ गावांवर बसू लागली.

कापूस घेतला म्हणूनच हे घडले असे म्हणून थांबता येत नाही, पाणी नेण्याची रीतही दोषी आहे. आमू दर्याचे पाणी तुर्कमेनिस्तानात नेणारा, १९५४ पासून खणलेला काराकुम कालवा तेराशे किलोमीटरहून लांब आहे आणि तो वाळूतून, अस्तर न लावता काढला. पाणी वाटेतच झिरपले. शेतात मोकाट पाणी दिले, पण ते बाहेर काढायचे चर अपुरे होते. भूजल वर चढले, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर आले, आणि मग पेरणीआधी शेत धुवायला आणखी पाणी लागू लागले. हे चक्र माजलगाव-जायकवाडीच्या लाभक्षेत्रात ज्याची जमीन पाणी मुरून चिबड झाली आहे, त्याला सांगायला नको. भारी काळ्या रानाला कालव्याचे पाणी आले की आधी चराची सोय करावी, मग उसाचा विचार. उत्तरेकडचा छोटा अराल कझाकस्तानने २००५ साली पूर्ण झालेल्या कोक-अराल बंधाऱ्याने वाचवला. तिथे पातळी चढली, खारेपणा उतरला, मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेचा मोठा भाग मात्र गेला तो गेलाच.

धाराशिवहून : ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाखरू येते कुठून?

कझाकस्तान, दक्षिण रशिया आणि चीनच्या शिनजियांगमधल्या गवताळ माळांवरून. मे-जूनमध्ये तिथे टोळांची पिल्ले निघतात, तेव्हाच भोरड्या दगडांच्या कपारींत शेकड्यांनी घरटी करतात आणि पिलांना टोळ भरवतात. टोळ संपले की थवा निघतो. म्हणून जुलै-ऑगस्टपासूनच त्या आपल्याकडे दिसू लागतात, एप्रिलपर्यंत परततात. इथे गोफण घेऊन ज्यांना हाकलतात, त्यांना शिनजियांगमध्ये मुद्दाम दगडांच्या राशी रचून घरट्याला जागा करून देतात. आपल्या शिवारातही त्या नाकतोडे आणि अळ्या खातातच. राखण हुरड्याच्या दोन-तीन आठवड्यांपुरती करावी, विष मात्र कधीही टाकू नये.

जालन्याहून : ऑक्टोबर क्रांतीचा दिवस ७ नोव्हेंबरला कसा?

रशियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर होते. तिथला २५ ऑक्टोबर १९१७ हा बाकी जगाचा ७ नोव्हेंबर. नव्या सरकारने १९१८ साली ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी धरला. त्याआधीच्या रशियन तारखा वाचताना अठराव्या शतकाला ११, एकोणिसाव्याला १२ आणि विसाव्याला १३ दिवस मिळवावेत. रशियन चर्च अजून जुनेच कॅलेंडर मानते, म्हणून नाताळ ७ जानेवारीला. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद ज्यांनी चाळले, त्यांना ही कसरत नवी नाही. फसली सनात महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, तसेच हे.

उदगीरहून : वास्को द गामाच्या आधी एक रशियन बिदरला आला होता, हे खरे का?

खरे. त्याचे नाव अफानासी निकितिन, व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. साल काही अभ्यासक थोडे पुढेमागे धरतात, पण तो १४६०च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला आणि १४७०च्या दशकाच्या सुरुवातीला परतीच्या वाटेवर होता. गामा १४९८चा. व्होल्गेने खाली येताना आस्त्राखानजवळ त्याला लुटले. घरी परत जायचे तर कर्ज फेडायला काही नव्हते, म्हणून तो दर्बेंद, बाकू, इराण, होर्मुझ असा पुढे सरकत गेला आणि एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोडाच का, हे त्याच्या टिपणांतच आहे : या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात. दख्खनचे सरदार घोड्यासाठी मोठी किंमत मोजत, हे त्याला समुद्रापलीकडेच कळले होते.

जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खुरासानच्या एका माणसाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा सुटला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि त्याला ‘हिवाळा’ म्हटले : चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. ज्याच्या देशात वर्षाचा कामबंद काळ म्हणजे हिवाळा, त्याला हेच नाव सुचणार. याच दिवसांत इथले लोक पेरणी करतात, हेही त्याने नोंदवले. पुढे तो बिदरला पोचला. तेव्हा बहामनी राज्याचा कारभार महमूद गावान पाहत होता. राजवाड्याला सात दरवाजे आणि दारांशी पहारेकऱ्यांबरोबर ये-जा लिहून घेणारे कारकून बसलेले, असे वर्णन त्याने केले आहे. परतताना दाभोळहून जहाज धरून, इराण आणि काळा समुद्र ओलांडून तो निघाला, पण त्वेरला पोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. टिपणे मागे राहिली. त्यांत मधूनमधून फारसी-तुर्की शब्दांची भेसळ आहे, आणि घोड्यांच्या खुराकाविषयी एक ओळ आहे : त्यांना हरभरा घालतात, आणि साखर घालून शिजवलेली खिचडी लोण्यासोबत चारतात.